पोटास बसणारा मार : त्याचे प्रकार, परीक्षा व उपाय

शेतकऱ्याच्या धंद्यांत पोटास मार बसण्याचे प्रसंग इतके नित्याचे आहेत कीं, त्यांची कोणी गणतीच करीत नाहीं. बैलानें शिंग मारलें, म्हशीनें लाथ झाडली, गाडी उलटून अंगावर आली, आंब्याच्या फांदीवरून पाय निसटला, ट्रॅक्टर बांधावरून कलंडला, उसाची ट्रॉली मागें घेतांना मध्यें मनुष्य सांपडला, रात्रीं पाण्याचीं दारें धरावयास गेला असतां रानडुकरानें धडक दिली, असे प्रकार प्रत्येक गांवीं घडतात. हात मोडला तर तो लोंबतो, डोकें फुटलें तर रक्त दिसतें, म्हणून त्यांची धांवपळ लगेच होते. पोटाचें तसें नाहीं. पोटावर मार बसलेला मनुष्य पुष्कळदां आपला आपण उठतो, अंगावरची माती झटकतो, बैल दावणीस बांधतो आणि चहा घेऊन घोंगडीवर आडवा होतो. बाहेर खरचटल्याची खूणसुद्धां नसते, म्हणून घरच्या माणसांचीही खात्री पटते कीं, थोडक्यावर निभावलें.

ही खात्री किती फसवी आहे, तें सांगण्याकरितां हा लेख आहे. आमची सारी नोकरी तालुका कचेरींत कारकुनींत गेली. वैद्यकीचें शिक्षण आम्हांस नाहीं. तथापि आकस्मिक मृत्यूचे कागद तहसीलदारसाहेबांपुढें ठेवण्याचें काम आमच्याकडे पुष्कळ वर्षें होतें, आणि त्या कागदांत एक जोडी वारंवार दृष्टीस पडे. पंचनाम्यांत ‘बाह्यांगावर जखम नाहीं’ असा शेरा असे, आणि त्यास जोडलेल्या शवचिकित्सेच्या अहवालांत ‘प्लीहा फाटून उदरांत रक्तसंचय’ असें लिहिलेलें असे. जबाबांत घरचीं माणसें सांगत कीं, संध्याकाळीं दोन घांस खाल्ले, पोट जड वाटतें म्हणाले, तेल लावून चोळलें, पहांटे हांक मारली तों ओ नाहीं. पुढें या गोष्टींचा उलगडा आम्हीं शस्त्रवैद्यांकडून, म्हणजे ज्यांस आपण सर्जन म्हणतों त्यांजकडून, समजून घेतला व कांहीं वाचनही केलें. आमच्या मासिकांत जनावराच्या पोटफुगीवर वर्षांतून एखादा लेख येतोच. धन्याच्या पोटाविषयीं एकदां लिहावयास हरकत नसावी.

प्रथम पोटाची चतुःसीमा पाहूं, कारण ती आपण समजतों त्याहून विस्तृत आहे. बरगड्या संपल्या तेथून कमरेपर्यंत पोट, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः छाती व पोट यांमधील पडदा घुमटासारखा वर चढलेला असून, श्वास सोडतांना तो जवळजवळ स्तनाग्रांच्या पातळीस येतो. त्यामुळें उजव्या अंगास यकृत आणि डाव्या अंगास प्लीहा, जिला आपल्याकडे पाणथरी म्हणतात, हीं पोटांतलींच इंद्रियें खालच्या बरगड्यांच्या आड बसलेलीं आहेत. पाठीमागें कमरेच्या वर दोन्ही अंगांस मूत्रपिंडें आहेत, कण्यास आडवें लागून स्वादुपिंड आहे, आणि खालीं ओटीपोटांत मूत्राशय आहे. म्हणून छातीच्या खालच्या भागावर, कुशीवर, पाठीवर किंवा कुल्ल्यावर बसलेला घावही पोटाचाच धरून चालावें. डावी खालची बरगडी मोडली असेल तर पाणथरीविषयीं, उजवी मोडली असेल तर यकृताविषयीं संशय घेतलाच पाहिजे.

पोटांतील इंद्रियांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. यकृत, प्लीहा व मूत्रपिंडें हीं भरीव असून रक्तानें ओथंबलेलीं असतात. तीं फाटलीं म्हणजे रक्त वाहतें. जठर, आंतडीं व मूत्राशय हीं पोकळ. तीं फुटलीं म्हणजे त्यांतील अन्न, मळ किंवा मूत्र पोटाच्या पोकळींत पसरतें. पहिल्या प्रकारांत मनुष्य कांहीं तासांत, कधीं तासाभरांतच, दगावतो. दुसऱ्या प्रकारांत पहिले सहा-आठ तास फारसें कांहीं जाणवत नाहीं. नंतर ताप चढतो, पोट फळीसारखें ताठ होतें, ओकाऱ्या सुरू होतात आणि एक-दोन दिवसांत विष सर्व अंगभर भिनतें. दोन्ही प्रकार एकाच मारानें एकदमही होऊं शकतात.

आतां माराचे प्रकार. एक मुका मार, दुसरा उघडी जखम. मुक्या मारांत कातडी शाबूत राहते व आंतील इंद्रियास इजा होते. ही इजा तीन तऱ्हांनीं होते. पाट्यावर वरवंट्याखालीं सांपडावें तसें आंतडें किंवा स्वादुपिंड पाठीच्या कण्यावर चेंगरलें जातें. भरलेल्या पखालीवर काठी बसावी त्याप्रमाणें तुडुंब भरलेला मूत्राशय फुटतो. आणि मनुष्य उंचावरून पडला किंवा धांवतें वाहन एकाएकीं थांबलें असतां, शरीर थांबतें पण आंतील जड इंद्रिय पुढें जाऊं पाहतें व आपल्या देंठाशीं फाटतें. मुक्या मारांत सर्वांत अधिक वेळां फाटते ती पाणथरी, आणि तिच्या खालोखाल यकृत. मुलांच्या बाबतींत एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. सायकलवरून पडतांना हॅंडलचें टोंक पोटांत रुतलें, तर बाहेर रुपयाएवढा वळ दिसतो आणि आंत स्वादुपिंड किंवा आंतडें फाटलेलें असूं शकतें. मूल दोन दिवस खेळतें आणि तिसऱ्या दिवशीं ओकूं लागतें. तसेंच मोटारींतील पट्ट्याचा आडवा वळ पोटावर उमटला असेल तर आंतड्याची तपासणी झाल्यावांचून मनुष्यास घरीं नेऊं नये. यावरून कोणी पट्टाच लावूं नये असें मात्र समजूं नये. पट्ट्यानें डोकें व छाती वांचते.

उघड्या जखमा कोयता, विळा, लोखंडी गज, कांच, बंदुकीचे छर्रे यांच्या असतात. पण शेतकऱ्यास विशेष परिचयाची ती शिंगाची. बैल शिंग खुपसून थांबत नाहीं, तो मान वर झटकतो; त्यामुळें बाहेर दोन बोटें रुंद दिसणारी जखम आंत वितीभर चिरत गेलेली असते, आणि तिच्याबरोबर माती, शेण व धोतराची चिंधीही आंत जाते. बाहेरच्या भोंकावरून शिंगाच्या जखमेचा अंदाज बांधणें म्हणजे विहिरीच्या तोंडावरून तिच्या पाण्याची खोली सांगण्यासारखें आहे. अशी जखम वरून टाके घालून बंद करून घेणें फार धोक्याचें. ती आंतून उघडून, धुवून, तपासली गेली पाहिजे, व धनुर्वाताची लस घेतली पाहिजे. आपल्या प्राचीन वैद्यांस हा प्रकार चांगला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेंत ताज्या जखमांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा भेद केले असून, भिन्न जखमेच्या कारणांत भाला व तलवारीचें टोंक यांबरोबर शिंगही मोजलेलें आहे. बाहेर आलेलीं आंतडीं धुवून, तूप लावून आंत घालण्याची, आणि फाटलेलें आंतडें काळ्या मुंग्यांच्या तोंडांनीं सांधण्याची कृतिही त्या ग्रंथांत आहे. परंतु ती शिकलेल्या शस्त्रवैद्यासाठीं सांगितलेली आहे. तिचा हवाला देऊन कोणी शेताच्या बांधावर आंतडें हातानें आंत ढकलूं नये.

मग ओळखावें कसें? येथें वाचकांनीं थोडें सावकाश वाचावें अशी विनंती आहे. प्रौढ मनुष्याच्या अंगांत सुमारें ५ लिटर रक्त असतें. त्यांपैकीं पाऊण लिटर गेलें तरी नाडींत फारसा फरक पडत नाहीं. पाऊण ते दीड लिटर जाईपर्यंत नाडी मिनिटास १०० च्या वर चढते, हातपाय गार पडूं लागतात, जीव अस्वस्थ होतो. परंतु रक्तदाब अद्याप जवळजवळ नेहमीचाच भरतो. दीड लिटरच्या पुढें मात्र रक्तदाब घसरूं लागतो, आणि दोन लिटर गेले म्हणजे प्राणावर बेततें. यावरून दिसेल कीं, ‘बी.पी. ठीक आहे’ या एका वाक्यावर विसंबून परत फिरणें कसें घातक आहे. धडधाकट तरुण गडी व लहान मुलें यांचा रक्तदाब तर फार वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. उलट, हृदयविकाराच्या कांहीं गोळ्या चालू असलेल्या वृद्धाची नाडी रक्त जात असतांही वाढत नाहीं. पोटाच्या पोकळींत दोन-तीन लिटर रक्त सहज मावतें आणि पोट बाहेरून फुगलेलें दिसेलच असा नेम नाहीं.

म्हणून एका खुणेवर न जातां अनेक खुणा एकत्र पाहाव्या. चेहरा पांढुरका, कपाळावर गार घाम, वारंवार तहान, तळमळ, उभें राहतांच घेरी, नाडी जलद व बारीक, या रक्त जात असल्याच्या खुणा होत. पोट हलक्या हातानेंही दाबूं न देणें, खोकला आला किंवा गाडीस हिसका बसला तर पोटांत कळ येणें, पोट ताठ होणें, या आंत रक्त किंवा घाण पसरल्याच्या. डाव्या खांद्यास कांहीं लागलेलें नसतां आडवें निजल्यावर तेथें दुखूं लागलें तर पाणथरी फाटल्याचा दाट संशय घ्यावा; पडद्याखालीं साचलेल्या रक्ताची वेदना खांद्यावर उमटते. लघवींत रक्त दिसल्यास मूत्रपिंडाची इजा समजावी. लघवीची भावना होऊनही ती होत नसेल, तर मूत्राशय किंवा मूत्रमार्ग फाटलेला असूं शकतो. दारू प्यालेल्या, डोक्यास मार लागलेल्या किंवा बेशुद्ध मनुष्यास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. त्याचें पोट दुखत नाहीं यास कांहीं किंमत देऊं नये. गरोदर स्त्रीच्या पोटास कितीही हलका मार लागला तरी तिला दवाखान्यांत नेलेंच पाहिजे. तिच्या अंगांत रक्ताचा सांठा वाढलेला असल्यामुळें तिच्या खुणा उशिरां दिसतात, आणि तेवढ्या अवधींत वार सुटून गर्भ दगावतो. पांचव्या महिन्यानंतर तिला डाव्या कुशीवर निजवून न्यावें.

घरीं करावयाचें थोडें आहे, न करावयाचें पुष्कळ आहे. जखमीस सपाट निजवावें, गुडघ्यांखालीं घोंगडीची वळकटी देऊन पाय किंचित् दुमडावे म्हणजे पोटाचा ताण कमी होतो, आणि अंगावर पांघरूण घालावें. अंग गार पडलें म्हणजे रक्त गोठण्याची शक्ति कमी होते. आंतडें बाहेर आलें असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यांत भिजविलेलें स्वच्छ कापड त्यावर ठेवून वरून स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद सैलसर गुंडाळावा. विळा किंवा गज रुतून राहिला असेल तर तो उपसूं नये. बूच काढल्याप्रमाणें रक्ताचा लोंढा सुटतो. तो हलणार नाहीं अशा बेतानें भोंवतीं कापड लावून बांधावा. पाणी, चहा, दूध, काढा कांहींही पाजूं नये. जखमी पाणी मागतो आणि आईचें मन द्रवतें, हें आम्ही जाणतों. पण भरल्या पोटीं भूल दिली असतां ओकारी होऊन ती फुप्फुसांत जाते. ओंठ ओल्या फडक्यानें पुसावे, तेवढें पुरे. तेल लावून चोळणें, शेकणें, बेंबी सरकली म्हणून पोट मळून घेणें, या तिन्ही गोष्टींनीं धरलेली रक्ताची गुठळी सुटते. दुकानांतून आणलेली दुखण्यावरची गोळीही देऊं नये. आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्यें बसवून नेण्याची जी चाल पडली आहे ती टाकून द्यावी. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येण्यास फारच विलंब लागेल असें दिसल्यास जीप किंवा टेंपोंत गादी टाकून न्यावें. मार किती वाजतां व कसा बसला तें चिठीवर लिहून सोबत द्यावें.

न्यावें कोठें हाही प्रश्नच आहे. जवळच्या दवाखान्यांत सलाईन लावून दोन तास घालविणें यापेक्षां, जेथें शस्त्रवैद्य, भूल देणारे डॉक्टर व रक्त या तिन्ही गोष्टी आहेत, अशा रुग्णालयाची चौकशी फोनवर करून तिकडेच गाडी वळवावी. मारामारीचा किंवा अपघाताचा मामला आहे, पोलिसांचा कागद आधीं आणा, असें म्हणून कोणी दारांतून परत पाठवीत असेल तर तें कायद्यास धरून नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं परमानंद कटारा यांच्या खटल्यांत स्पष्ट ठरविलें आहे कीं, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरानें जखमीस तत्काळ मदत द्यावी. कागदपत्रें मागाहून व्हावीं. रस्त्यावरील अपघातांतल्या जखमीस सद्भावनेनें पोंचविणाऱ्या त्रयस्थास २०१९ सालीं दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यानें संरक्षण दिलेलें आहे. साक्षीच्या भीतीनें लोक बाजूस सरतात, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

रुग्णालयांत गेल्यावर प्रथम श्वास, नाडी व रक्तदाब पाहतात आणि रक्ताचा गट तपासावयास देतात. मग पोटाची सोनोग्राफी होते. ही घाईची सोनोग्राफी हृदयाभोंवतीं, यकृताजवळ, प्लीहेजवळ व ओटीपोटांत, अशा चार ठिकाणीं रक्त साचलें आहे कीं काय एवढेंच पाहते आणि दोन-चार मिनिटांत आटोपते. ती येण्यापूर्वीं बेंबीखालीं छेद घेऊन, नळीनें एक लिटर क्षारजल पोटांत सोडून तें परत काढीत व त्यांत रक्त येतें का पाहात. ही युक्ति १९६५ सालीं अमेरिकेंत निघाली. सोनोग्राफीची एक मर्यादा वाचकांनीं समजून घ्यावी. थोडें रक्त तिला दिसत नाहीं आणि फुटलेलें आंतडें बहुधा सांपडत नाहीं. ‘सोनोग्राफी चांगली आली’ एवढ्यावर सुटका मागूं नये. रोग्याची नाडी व रक्तदाब स्थिर असतील तर शिरेंत औषध सोडून सी. टी. स्कॅन काढतात, त्यांत कोणतें इंद्रिय किती फाटलें तें कळतें. रोगी अस्थिर असून सोनोग्राफींत रक्त दिसलें तर स्कॅनची वाट न पाहतां पोट उघडतात. संशय राहिल्यास चोवीस तास किंवा अधिक काळ ठेवून घेतात आणि तोच डॉक्टर पुन्हां पुन्हां पोट दाबून पाहतो. खाटेचें भाडें वाढविण्याची ही युक्ति आहे असें आमच्या ऐकण्यांत येतें. तें खरें नव्हे. आंतड्याचें भोंक बहुतेक अशा वारंवार तपासणींतच उमगतें.

उपचारांविषयीं शस्त्रवैद्यांचें मत शंभर-सव्वाशें वर्षांत दोनदां फिरलें आहे. दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धांत, म्हणजे १८९९ ते १९०२ या काळांत, पोटांत गोळी लागलेल्या शिपायाचें पोट न उघडणेंच बरें, असा ब्रिटिश शस्त्रवैद्यांचा अनुभव होता. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १९०४-०५ च्या रूस-जपान युद्धांत, वेरा गेद्रोइत्स या रशियन स्त्री-शस्त्रवैद्येनें आगगाडीच्या डब्यांत शस्त्रक्रिया करून, जखमी लवकर हातीं आल्यास पोट उघडून प्राण वांचवितां येतात हें दाखविलें. पहिल्या महायुद्धांत तोच मार्ग सर्वत्र रूढ झाला. पुढें इतकें झालें कीं, पाणथरी फाटली म्हणजे ती काढून टाकणें हा नियमच होऊन बसला. तो नियम सैल करण्यांत एका भारतीय शस्त्रवैद्याचा हात आहे. टोरांटो येथील बालरुग्णालयांतील मुलांचा अनुभव उपाध्याय व सिम्प्सन यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केला. पाणथरी फाटलेलीं पुष्कळ मुलें शस्त्रक्रियेवांचून, नुसत्या विश्रांतीनें व सक्त देखरेखीनें बरीं होतात असें त्यांत दिसलें. हल्लीं मोठ्या माणसांतही नाडी व रक्तदाब स्थिर असल्यास यकृत, प्लीहा व मूत्रपिंड यांच्या बहुतेक जखमांवर हाच मार्ग धरतात, आणि जरूर पडल्यास मांडीच्या शिरेवाटे नळी घालून वाहती रक्तवाहिनी आंतूनच बंद करितात. डॉक्टर लगेच कापीत नाहींत याचा अर्थ ते हयगय करीत आहेत असा नव्हे. मात्र ‘वाट पाहणें’ हें रुग्णालयांत, रक्त व शस्त्रवैद्य हाताशीं असतां करावयाचें असतें. घरच्या घोंगडीवर नव्हे.

फुटलेलें आंतडें मात्र शिवावेंच लागतें. घाण पुष्कळ पसरली असल्यास आंतड्याचें तोंड कांहीं महिने पोटावर काढून पिशवी लावतात व नंतर परत जोडतात. तें पाहून घरच्यांनीं खचूं नये. रक्तस्राव अनावर असेल तर यकृताभोंवतीं कापडाच्या घड्या दाबून भरून, पोट तात्पुरतें झांकून रोग्यास ऊब व रक्त देतात आणि एक-दोन दिवसांनीं उरलेलें काम पुरें करितात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नांवाचें एक स्वस्त औषध यांत उपयोगी आहे. ४० देशांतील २०,००० हून अधिक जखमींवर केलेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यानें मृत्यू कमी झाले. पण तें मार बसल्यापासून तीन तासांच्या आंत दिलें तरच. त्यानंतर तें अपायकारक ठरूं शकतें. वेळ चिठीवर लिहावी असें आम्हीं वर म्हटलें, तें याकरितांही.

भरपाईसंबंधानें एक गोष्ट कचेरींतला जुना माणूस या नात्यानें सांगतों. गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची शेतकरी अपघाताची योजना २०२३ पासून सानुग्रह अनुदानाच्या रूपानें चालली आहे. तींत मृत्यू झाल्यास २ लाख रुपये वारसांस मिळतात, आणि डोळा किंवा हातपाय कायमचा गेल्यास ठराविक रक्कम मिळते. पोट फाटून महिनोन्‌महिने घरीं बसलेल्या शेतकऱ्यास तींत स्थान नाहीं. पाणथरी हा अवयव डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तो यादींतही नाहीं, असें आम्हांस वाटतें. शेतकरी संघांनीं हा मुद्दा वर मांडण्यासारखा आहे.

शेवटीं घरीं आल्यानंतरची काळजी. फाटलेली पाणथरी शस्त्रक्रियेवांचून सांधली असेल तर ती कांहीं दिवसांनीं, क्वचित् दोन आठवड्यांनींही, पुन्हां फुटूं शकते. म्हणून ओझें उचलणें, नांगर धरणें, ट्रॅक्टरवर बसणें हीं कामें डॉक्टर सांगतील तितके आठवडे बंद ठेवावीं. मोठ्या जखमेंत ही मुदत तीन महिन्यांपर्यंत जाते. पेरणी तोंडावर आली असली तरी ती दुसऱ्याकडून करवून घ्यावी. पाणथरी काढून टाकली असेल तर न्यूमोनिया व मस्तिष्कज्वर आणणाऱ्या जंतूंपासून रक्षण करणारी शरीराची एक मोठी चौकी गेली असें समजावें. त्याकरितां लसी घ्याव्या लागतात; शस्त्रक्रियेनंतर सुमारें दोन आठवड्यांनीं त्या टोंचतात, आणि कांहींची पुढें पुनरावृत्ति करावी लागते. अशा मनुष्यास हिंवतापही जोराचा येतो, म्हणून मच्छरदाणी सोडूं नये. त्याला जन्मभर केव्हांही थंडी वाजून ताप आला तर ‘उद्यां पाहूं’ न म्हणतां त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें व पाणथरी नसल्याचें पहिल्या वाक्यांतच सांगावें. रुग्णालयांतून मिळालेल्या कागदावर ती गोष्ट स्पष्ट लिहून घेऊन त्याची एक प्रत नेहमीं जवळ ठेवावी. परगांवीं बेशुद्ध स्थितींत सांपडल्यास पोटावरील नुसत्या व्रणावरून आंतून काय काढलें आहे हें कोणत्याही डॉक्टरास सांगतां येत नाहीं.